यंत्राची नवमी

आपल्या शरीरातली पेशी कधी स्वस्थ नसते. श्वास घेतला की फुप्फुसातली ताणली जाते, नाडी उडाली की रक्तवाहिनीतली. या ताणाने पेशी कशा वळतात हे मेघनाला पाहायचे होते. त्यासाठीचे परदेशी यंत्र तिच्या कल्याणच्या कॉलेजला परवडणारे नव्हते. मग तिने जुन्या प्रिंटरची मोटर काढली, तिला रबराचा पातळ पारदर्शक पडदा जोडला आणि त्या पडद्यावर पेशी वाढवल्या. मोटर सेकंदाला एकदा पडदा किंचित ओढायची आणि सोडायची. हे सात दिवस न थांबता चालले, तरच असल्या घरगुती यंत्रावर कोणी विश्वास ठेवणार होते. अहवाल दिवाळी संपताच द्यायचा होता.

सहाव्या दिवशी खंडेनवमी आली. मेघना ठाकुर्लीच्या भाड्याच्या खोलीतून निघून अकराला प्रयोगशाळेत पोचली. दार उघडताच तिला शांतता जाणवली. पडदा आणि पेशी ठेवलेल्या उबदार पेटीवर झेंडूचे फूल होते, पेटीबाहेरच्या मोटरला हळदकुंकू. सफाई करणाऱ्या कमळाबाई शेजारीच उभ्या होत्या.

"मावशी, हे कधी बंद केलंत?"

"आठला, झाडून झाल्यावर. आमचे हे मोहन्याला कारखान्यात कामाला होते ना, नवमीला मशीनला कामाचा हात लावायचे नाहीत. ही बिचारी कधीची चाललीय. तिला नको का एक दिवस?"

मेघनाचा चेहरा पाहून कमळाबाईंनी फूल उचलायला हात पुढे केला. मेघनाने ते राहू दिले. त्यांना स्टुलावर बसवून तिने समजावले की ताण थांबल्याचे पेशींना कळते. तीन तासांत त्या पुन्हा मनाला येईल तशा वळायला लागतात. कमळाबाईंनी नीट ऐकून घेतले. मग हळू आवाजात म्हणाल्या, "चालू करून टाका, ताई. मी नाय कोणाला बोलणार. कोणाला कळतंय?"

कोणालाच कळले नसते. वर्षभरात ते यंत्र पाहायला कोणी आले नव्हते. त्याला यंत्र मानून फूल वाहणाऱ्या या पहिल्याच.

मेघनाने वहीत लिहिले : आठ ते अकरा बंद. प्रयोग रद्द.

नव्या पेशी तयार व्हायला पंधरा दिवस, पुढे सात. म्हणजे थेट पाडवा. संध्याकाळी तिने चिपळूणला आईला फोन करून दिवाळीला येत नसल्याचे सांगितले. आईने कारण विचारले नाही, फराळ कुरिअरने पाठवू का एवढेच विचारले.

पाडव्याला दुपारी सात दिवस पुरे झाले. मेघनाने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. सगळ्या पेशी ओढीच्या दिशेला काटकोनात आडव्या, एकीशेजारी एक निजल्या होत्या. कोणाला तरी हाक मारावी म्हणून तिने मान वर केली. मजल्यावर कोणी नव्हते. कमळाबाईही लेकीकडे गेल्या होत्या. मग वही पुढे घेऊन तिने पहिल्या पेशीचा कोन मोजला.