कुंकू लागलेली पिपेट

मित्रांनो, मी एक जुनी पिपेट आहे. नाव ऐकून गोंधळू नका. दिसते जाड पेनासारखी, पण लिहिता मला एक अक्षर येत नाही. आसवाहूनही लहान थेंब अचूक उचलायचा आणि सांगितला तिथेच सोडायचा, एवढंच माझं काम. ठाण्यात वागळे इस्टेटच्या एका गल्लीत आमची लॅब आहे. मला भोचक म्हणा हवं तर, पण तिथे काय चाललंय ते कळल्याशिवाय मला चैन पडत नाही.

तरुणपणी मी डोंबिवलीत रक्तातली साखर मोजायला मदत करायचे. मग इथे तपासण्या करणाऱ्या मृणाल मॅडमनी मला आणलं. इथे कोर्टाने विचारलं, तर मूल कोणाचं ते शोधतात. आई, वडील आणि लेकरू यांच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची आणि तिच्यावरून डीएनए काढायचा.

पण कोर्ट कुठल्याही लॅबचं ऐकत नाही, बरं का. लॅबला मान्यता लागते, आणि ती एकदा मिळाली की झालं, असंही नाही. अधूनमधून बाहेरचे परीक्षक येतात. नमुना कोणासमोर घेतला, सील कोणी उघडलं, फ्रीजरची किल्ली कोणाकडे असते, सगळं खोदून खोदून विचारतात. कोणाचे ते न सांगता नमुने पाठवतात आणि उत्तर बरोबर येतं का बघतात. माझीसुद्धा परीक्षा होते. मला तराजूवर पाण्याचे थेंब टाकायला लावतात आणि एकेका थेंबाचं वजन करून बघतात. आधी मला भारी राग यायचा. एवढी राबले, तरी विश्वास नाही? पण एकदा मृणाल मॅडम म्हणाल्या, "आपली म्हातारी अजून ठणठणीत आहे हं," आणि माझा राग पळाला.

यंदा दसऱ्याच्या जरा आधी कल्याणजवळच्या मोहने गावची अक्षदा आली. कडेवर छोटा नील. तिचा नवरा संदेश म्हणत होता, हे मूल माझं नाही. कल्याणच्या कोर्टाने तपासणी करायला सांगितली होती. दोघांनी एकमेकांसमोर नमुने दिले, फोटो काढले, अंगठे उठवले. संदेश नोकरीसाठी दुबईला निघालेला. तो पुन्हा नमुना द्यायला येईल, याची काही खात्री नव्हती. त्यातच आमच्याकडे परीक्षक यायचे होते. मान्यता गेली असती, तर अक्षदाच्या हाती काहीच उरलं नसतं.

दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली. लॅबचे नियम सांभाळणारे श्रीपाद सर तसे भारी काटेकोर. पण त्यांनी हौसेने मलाही बोटाने हळदकुंकू लावलं. हातात मोजे नव्हते. पूजेला मोजे कोण घालतं? मीही नटून बसले. नंतर मला पुसलं, पण वरवर.

मग मृणाल मॅडमनी नीलची तपासणी सुरू केली. प्रत्येक वेळी नमुन्यांसोबत एक नळी बिननमुन्याची ठेवतात. तिच्यात काहीच सापडता कामा नये. त्या दिवशी मात्र सापडला कोणा पुरुषाचा डीएनए. लॅबमधल्या प्रत्येकाचा डीएनए अशा वेळेसाठीच नोंदवलेला असतो. जुळवून पाहिलं, तर तो श्रीपाद सरांचा निघाला. सरांनी मला उचलून बघितलं. माझ्या खाचेत अजून कुंकू होतं.

"सर, हे सोडून देऊ आणि तपासणीचा नवीन रन लावूया ना," मॅडम हळूच म्हणाल्या. "उद्या ऑडिट आहे. कोणाला कळणारे?"

"मला कळलंय ना," सर म्हणाले. "उद्या संदेशच्या वकिलाने विचारलं, की सगळ्या नळ्या चोख होत्या का, तर मी शपथेवर काय सांगू? आपण खोटे ठरलो, की ती मुलगीही खोटी ठरते."

दुसऱ्या दिवशी पायल मॅडम परीक्षक म्हणून आल्या. सरांनी आपणहून सगळं त्यांच्यापुढे ठेवलं. मला धडकीच भरली. आता मान्यता जाणार आणि मी भंगारात.

पायल मॅडमनी सगळं शांतपणे वाचलं. "आमच्याकडे चुका होतच नाहीत, असं म्हणणाऱ्या लॅबची मला जास्त भीती वाटते," त्या म्हणाल्या. "तुमची चूक तुमच्याच पद्धतीने पकडली. आता पूजा दाराबाहेर करा. आणि हिला उघडून साफ करा, तपासा, मगच वापरा."

तसं केल्यावर मान्यता कायम राहिली. काड्यांचे राखून ठेवलेले तुकडे घेऊन तपासणी नव्याने झाली. या वेळी त्या नळीत काही सापडलं नाही. नील संदेशचाच मुलगा होता. कोर्टात वकिलाने उलटसुलट विचारलं, सरांनी दसऱ्यासकट सगळं सांगितलं आणि कोर्टाने अहवाल मानला.

नंतर अक्षदा पेढे घेऊन आली. मृणाल मॅडम म्हणाल्या, "चला, अखेर कळलं एकदाचं."

"तुम्हाला कळलं, मॅडम," अक्षदा म्हणाली. "मला तर पहिल्यापासून माहीत होतं. मी घसा फोडून सांगत होते. माझं कोणी ऐकलेलंच नाही."

मॅडमच्या हातातला पेढा हातातच राहिला. मला तर फार वाईट वाटलं.

मित्रांनो, आता माझी स्प्रिंग ढिली होत चालली आहे. माझं एवढंच मागणं आहे. मला स्वच्छ ठेवा आणि कितीही जुनी झाले, तरी दर वेळी तपासून घ्या. कारण जिचं घरात कोणी ऐकत नाही, तिला माझ्या थेंबावर भरवसा ठेवावा लागतो. आणि तिच्या नुसत्या शब्दावर विश्वास ठेवायला तुम्ही शिकलात, तर मला खुशाल कपाटात टाकून द्या. मी मुळीच रुसणार नाही.