सेकंदाला साठ

डोरीनने पडद्यावरच्या आपल्या नवऱ्याकडे बराच वेळ रोखून पाहिलं आणि मग हात हलवले, "याने हातमोजे घातलेत की काय? नुसता पुटपुटतोय."

तिच्या मुलीने, लिनेटने, तोच तुकडा पुन्हा लावून पाहिला. वॉरेन, तिचे वडील, जाऊन दोन वर्षं झाली होती. डोरीनसारखेच तेही जन्माचे बहिरे. बोलणं सगळं हातांचं, आणि त्या हातांची कीर्ती रॉचेस्टरच्या अख्ख्या बहिऱ्या मंडळींत होती. आता ते हात फक्त घरच्या डीव्हीडींवर उरले होते. लिनेटला ऐकू यायचं. हातांनी तीही बोलायची, पण तिच्या हातांना ऐकणाऱ्यांचा हेल आहे, असं तिची आईच म्हणायची. आणि तिची तीन वर्षांची लेक विनी आजी-आजोबांवर गेलेली, जन्माची बहिरी. तिला भाषा मिळावी ती आजोबांच्या हातची, बिनहेलाची, म्हणून तर डिस्का खराब व्हायच्या आत सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा खटाटोप.

विनी मघाशीच पडद्याला पाठ करून ठोकळ्यांकडे गेली होती. लिनेटने ते पाहिलं होतं. विनीची नजर कुठे जाते, हे ती दिवसभर पाहत असे.

"ग्रॅहम, अरे बाबांची बोटं कुठे गेली?"

नवरा कॉफीचा मग घेऊन आला. "म्हणजे? आवाज एकदम टकाटक ठेवलाय मी. सगळ्यात वरचा दर्जा!"

"कुणाचा आवाज?"

त्याने कान दिला. चित्रातल्या टेबलापलीकडच्या फ्रिजची घरघर तेवढी स्वच्छ ऐकू येत होती. त्याचे कान लाल झाले. लिनेटने आईला हातांनी सांगितलं, तशी म्हातारी गदगदा हसली. "शाब्बास जावईबापू! बहिऱ्यांच्या घरातलं फ्रिजचं गाणं जपलंस!"

मग नवराबायको कॉम्प्युटरपुढे बसली. चूक सापडायला वेळ लागला नाही. डिस्कवर सेकंदाला साठ अर्धी चित्रं होती. प्रोग्रामने आपल्या मनाने दोन-दोन सांधून तीस केली होती. वर ग्रॅहमने चित्रातल्या मुंग्या, म्हणजे थरथरते ठिपके, घालवायचा पर्याय चालू ठेवला होता. भिंत गुळगुळीत झाली, आणि झरझर हलणारी बोटंही त्यातच पुसली गेली. बोलणाऱ्या माणसाच्या जिभेवरून कुणी बोळा फिरवावा, तसं.

"साठच्या साठ ठेव," लिनेट म्हणाली. "मुंग्या राहू देत."

"फाइल फुगेल."

"फुगू दे."

डिस्कांचा खोका भंगारात द्यायला गाडीत ठेवला होता, तो परत आला. मघाचीच, वाढदिवसाची डिस्क पुन्हा उतरवली, तर वॉरेनची बोटं सुटी सुटी झाली, आणि डोरीन डोळे पुसत म्हणाली, "हं. आता बोलला."

पण विनीसाठी लिनेटला हवी होती ती अक्षरांची गोष्ट. इंग्रजीतल्या एकेका अक्षरासाठी हाताचा जो आकार करतात, तो घेऊन त्यातूनच पुढचा प्रसंग सांगायचा, A पासून Z पर्यंत, एकही अक्षर न गाळता. वॉरेन गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला निघतात, ती. महिन्यापूर्वी यंत्राने ती डिस्क पुरी वाचली होती. आज N वर अडकली. पुसली, फिरवली, दुसऱ्या यंत्रात घातली, तरी पुढे सरकेना.

"महिन्यापूर्वीची मूळ, साठ चित्रांची नक्कल असेल ना?" लिनेटने विचारलं.

ग्रॅहम खाली बघत म्हणाला, "जागा करायला पुसून टाकली गं."

लिनेटने तेव्हाची पुसट झालेली फाइल उघडली. बोलून काय होणार होतं? N पर्यंत नवं आणि पुढे जुनं, धूसर, असं जोडून त्यांनी लावलं.

विनी या वेळी उठली नाही. आजोबांनी दार ठोठावलं, दार उघडलं, बर्फावरून घसरत निघाले, तसतशी ती पुढे सरकत गेली. मग हात धूसर झाले. विनीने वळून आजीला विचारलं, "पुढे?"

"मला नाही येत," डोरीन म्हणाली. "तो दर खेपेला शेवट बदलायचा." आणि तिने लिनेटकडे बोट केलं. "तू सांग."

"माझ्या हातांना हेल आहे, आई."

"आहेच. म्हणून काय पोरीला तळ्यावर गारठत ठेवणार आहेस?"

ग्रॅहमने पडदा थांबवला. लिनेट जमिनीवर, विनीच्या समोर बसली. N नंतर O. तिने बोटं जुळवून गोल केला, तो खाली नेला: बर्फात पाडलेलं भोक.

विनीने वाकून त्यात पाहिलं.