रोवणीची गोळी

त्या गोळीची मला शिसारी आहे. गुलाबी, बिनकागदाची, विक्कीच्या किराणा दुकानात तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या पन्न्यांशेजारी बरणीत पडलेली. सिंदेवाहीकडच्या आमच्या गावात धानाची रोवणी लागली की बाया ती सकाळी एक, दुपारी एक गिळतात, म्हणजे चिखलात वाकून कंबर दुखत नाही. माझी माय रुखमा रोवणीच्या गटाची म्होरकी, त्यामुळे साऱ्यांच्या गोळ्या तिच्या पदराच्या गाठीत. तोंडात खर्रा असतानाच त्यावर गोळी टाकायची, वरून काळा चहा. लहानपणी मी हे मजेनं बघायची.

यंदा मायचं तोंड सुजलं, पाय चपलेत मावेनात, लघवीला साबणासारखा फेस येऊ लागला. विक्की म्हणाला, गरमी झाली असंल. त्या मेल्याला काय जातं म्हणायला! मी बल्लारपूरच्या सासरहून आले आणि मायला ओढतच चंद्रपूरला दवाखान्यात नेलं.

रिपोर्ट बघून डॉक्टरबाईंनी विचारलं, "दुखण्याच्या गोळ्या कधीपासून खाता?"

"लगन झालं तवापासून."

"किडनीत रक्त गाळणाऱ्या बारीक जाळ्या असतात. गोळ्यांनी त्या मेल्या, तिथे वण धरला. वण काही गाळत नाही."

"मंग मले आतापर्यंत काऊन समजलं नाई?"

"रोवणीत चार बाया काम सोडून धुऱ्यावर, बांधावर बसल्या तर काय होतं?"

"बाकीच्या त्यायच्या वाटचं लावते. बांधीतली रोवणी होऊन जाते, मालकाले पत्ताबी नाई लागत."

"तसंच झालं. अर्ध्या बसल्या, उरलेल्यांनी सारं ओढलं. आता त्याही थकल्या. बसलेल्या पुन्हा उठणार नाहीत. उरलेल्या वाचवायच्या तर गोळी बंद."

मायनं मान डोलावली. तिला पटलं म्हणून परतीच्या बसमध्ये मी किती खूश होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी बहीण स्वाती मायच्या जागी रोवणीला निघाली. अंगणात मायनं पदराची गाठ सोडली आणि तिच्या तळहातावर गोळी ठेवली.

"माय! डॉक्टरबाई काय बोलली, विसरली का?"

"नाई इसरली. माह्या अर्ध्या जाळ्या बसल्या होत्या, तरी मी रोवणी करून राह्यली होती ना? हिच्या तं साऱ्याच उभ्या हायेत. हिले काय होते?"

स्वातीनं गोळी तोंडात टाकली. माझं डोकं फिरलं. मी तिचा जबडा धरला, बोट घातलं आणि गोळी उकरून काढली. माझ्या हातावर खर्ऱ्याची तांबूस थुंकी नि गुलाबी लगदा. एकोणीस वर्षांची पोरगी, खर्राही सुरू झाला होता.

"शी! काय घानेरडी हायेस तू!" स्वाती किळसून ओरडली. तिनं तोंड पुसलं आणि मायपुढे पुन्हा हात पसरला.

मायनं दुसरी दिली.