झिराडकरांचा शनिवार

उमापुरात आडनावाची उलटतपासणी ठरलेली: गाव कोणतं, कुळ कोणतं, देव कोणता. जनावरांचे डॉक्टर झिराडकर पहिल्याला फटकन उत्तर देत, "अलिबागकडचं झिराड." दुसरा प्रश्न येण्याआत त्यांना कुणाची तरी आजारी म्हैस आठवे. पाटीवर नुसतं 'एस. झिराडकर'. एस म्हणजे शलोम, आणि शलोम म्हणजे कोकणातले ज्यू, हे आईनं कुणाला सांगू दिलं नव्हतं. टीव्हीवर ज्यूंच्या देशाचं युद्ध चालू होतं. माडीवरच्या भाड्याच्या खोलीच्या चौकटीवर ज्यू प्रार्थनेची चिठ्ठी असलेली बोटभर नळी होती. आत जाताना हात आपोआप तिच्याकडे जाई. शनिवारी, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, मोटरसायकल काढत नसत. विचारलं तर पाठ दुखते. इतकी वक्तशीर पाठ गावानं पाहिली नव्हती.

शुक्रवारी दुपारी घरमालकीण इमामबीचा मुलगा तौसीफ आंब्याचा टेम्पो घेऊन परतला. ओट्यावर डॉक्टरांसकट माणसं चहा पीत टीव्ही बघत होती. पडलेली घरं दिसत होती. गल्लीतला गुफरान दात खाऊन म्हणाला, "त्यांच्यातला एखादा हितं घावाया पायजे."

डॉक्टरांनी चहाची बशी खाली ठेवली.

"डॉक्टरसाब, तुमच्या गावाला गेलतो!" तौसीफ ओरडला. "झिराडात झिराडकर एक बी न्हाई. म्हातारा हसला. म्हणला, गाव सोडलं त्यालाच गावाचं नाव चिकटतं. तुमचे लोक तेलाचा घाणा चालवायचे म्हनं. आन शनवारी घाणा बंद!"

जहाज फुटून किनाऱ्याला लागलेल्या पूर्वजांनी गावाचं नाव पांघरलं होतं, कुणी परकं म्हणू नये म्हणून. तेच आज तौसीफनं प्रेमानं ओढलं.

गुफराननं टीव्हीचा आवाज कमी केला. "शनवारी? कावून? कशापायी?"

डॉक्टरांना एकही म्हैस आठवेना.

"कावून म्हंजे?" दारातून इमामबी म्हणाली. तिची नजर वर चौकटीकडे जाऊन आली. "शनीला तेल वाहत्यात लोक. त्या दिशी तेली घाणा कसा फिरवंल? एवढं बी कळंना का?"

"बरोबर हाय," शेजारचा रामकिसन म्हणाला. डॉक्टरांनी श्वास सोडला. "मंग डॉक्टर, उद्या शनीला संगं जाऊ. पहिलं तेल तुमच्या हातचं! गाडी तुमची काढू."

इमामबीनं डोळे मिटले.

"हो," म्हणून डॉक्टर जिना चढले. चौकटीपाशी हात सवयीनं वर गेला. खालून गुफरान बघत होता.

त्यांनी त्याच हातानं पाठ चोळली.