शुक्रवारी सहाचा सौना

आमच्या सोसायटीची अध्यक्ष राईली हिचा मला मनापासून राग आहे आणि तो मी लपवत नाही, निदान घरात तरी. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली, पण अख्ख्या इमारतीला अजून तिसरीचा वर्ग समजते. शुक्रवारी सहाचा सौना माझ्या हातून गेला तो हिच्यामुळे.

तळघरातला सौना, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी ओतून वाफ घ्यायची लाकडी खोली, सगळ्या इमारतीचा. प्रत्येक घराला आठवड्यातून एक तास. सोमवारी दुपारचा तास कुणालाही मिळतो, शुक्रवारी संध्याकाळी सहाचा मिळत नाही. तो धरून बसलेला माणूस मरावा तरी लागतो, नाहीतर मुलीकडे राहायला जावा तरी लागतो. आम्हाला तो चौथ्या मजल्यावरच्या लेम्पी म्हातारीनंतर मिळाला. तिच्या अंत्यविधीहून परततानाच मी तेव्हाच्या अध्यक्षांशी बोलून घेतलं होतं, आणि त्याची मला लाज वाटत नाही. माझ्या बायकोचे, हेल्वीचे, गुडघे आठवडाभर कुरकुरतात. जिना चढताना कठडा सोडत नाही. शुक्रवारी सौनातून निघाली की तीच बाई माझ्या आधी वर पोचते. मग भाजलेलं सॉसेज, मोहरी आणि एकेक बियर. आमचा सणवार काय तो एवढाच.

जानेवारीच्या वार्षिक सभेत राईली उभी राहिली. म्हणाली, धुण्याच्या खोलीच्या दारावरचा पाळ्यांचा कागद आता जाणार. सौनाची पाळी मोबाइलवरच्या ॲपमधून घ्यायची. जुन्या पाळ्या सगळ्या रद्द. सोमवारी सकाळी ॲप उघडेल, जो आधी घेईल त्याची पाळी, आणि ती कायमची.

"कुणाचा विरोध?" तिनं चष्म्यावरून बघत विचारलं.

माझा होता. भाषण तोंडपाठ होतं. हेल्वीनं कोपरानं ढोसलंही मला. पण समोरच्या तारविआइनेन जोडप्यानं जमिनीकडे बघितलं, त्यांच्या मागच्यांनी त्यांच्या मानांकडे बघितलं, आणि एवढ्या शांततेत आपणच पहिलं तोंड उघडायचं म्हणजे कपडे काढून उभं राहिल्यासारखं वाटतं. मी घसा खाकरला. राईलीनं माझ्याकडे बघितलं. मी आणखी एकदा खाकरलो आणि रुमाल काढला. तिनं हातोडी आपटली, ठराव पास. मग सगळ्यांनी कॉफी घेतली आणि वेलचीचा गोड पाव किती मऊ झालाय याचं कौतुक केलं. मीही केलं.

जिन्यात पाऊल टाकल्यावर मात्र मी सुरू झालो, तो आठवडाभर थांबलो नाही.

कारण माझ्या फोनवर ते ॲप चालत नाही. माझा फोन आमच्या कंपनीचा, आतली सिस्टीमही आमचीच. मी तिथे उभं आयुष्य काढलं. त्या फोनचा गजर मी लिहिलाय. फोन बंद करून ठेवा, खोल कपाटात ठेवा, ठरल्या वेळी तो वाजणार म्हणजे वाजणारच. आजचे हे काचेचे तुकडे बंद केले की त्यांचा गजरही झोपतो. जगाला ते चालतं. जगाला दोनच सिस्टीम पुरतात म्हणे, त्यामुळे आमची बंद झाली आणि आम्ही घरी बसलो. आमच्यातला एक मात्र बसला नाही. यार्मो. माझ्या हाताखालचा पोरगा, कंपनी बुडायच्या सहा महिने आधी उडी मारून अँड्रॉइडवाल्यांकडे गेला. आता दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि रोज जिन्यात भेटतो, हे माझं नशीब.

सोमवारी सकाळी मी धुण्याच्या खोलीत गेलो, तर दारावरचा कागद गेलेला. आत राईली आणि यार्मो एकमेकांवर गुरगुरत होते. ॲप कुणाच्या फोनवर नीट चालतं यावरून.

"माझ्या आयफोनवर एका बोटात उघडतं," राईली म्हणत होती. "तुझ्या अँड्रॉइडवर आधी तीन जाहिराती, मग चार परवानग्या. तुला कुठे राहतोस, काय खातोस, सगळं विचारतं."

"आणि तुझा फोन तुला काहीच विचारत नाही, कारण त्यानं तुझ्यासाठी आधीच ठरवलेलं असतं," यार्मो म्हणाला. "परवा सभेचे फोटो पाठवलेस मला. आले ते कसे? धुक्यात काढल्यासारखे. आपल्या जातीबाहेर धड फोटोसुद्धा जात नाही त्याचा."

मग दोघांना मी दिसलो.

"काय म्हातारबा," यार्मो दात काढत म्हणाला, "संग्रहालयातून त्या फोनची मागणी आली की नाही अजून?"

"तुझ्यासारखे पळाले नसते तर हाच फोन तुझ्या खिशात असता," मी म्हणालो.

"मी नसतो पळालो तर तुझ्याशेजारी बाकावर बसून कबुतरं मोजत असतो."

राईलीनं पर्समधून तिचा जुना आयफोन काढून माझ्या हातात कोंबला. "हा घे. निदान माणसांत ये." लगेच यार्मोही वर जाऊन त्याच्या खणातला जुना अँड्रॉइड घेऊन आला. दोघांनाही माझी कणव नव्हती. मी कुणाच्या बाजूला जातो एवढंच बघायचं होतं त्यांना. मी दोन्ही घेतले, कारण शुक्रवार मला हवा होता.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी तिन्ही फोन ओळीनं मांडले. हेल्वी समोर विणत बसली होती, स्वतःचा फोन लोकरीच्या टोपलीत. नातीनं दिलेला. कुठल्या सिस्टीमचा ते मी कधी बघितलं नव्हतं.

"हे बघ," मी आयफोन उचलून म्हणालो, "मागे जायचं बटणच नाही! पुढे जाता येतं, मागे यायचं तर दर वेळी नवी वाट शोधा. आणि ॲप म्हणतंय सिस्टीम नवी करा. नवी करायला गेलो तर फोन म्हणतोय मी म्हातारा झालो, आता मला नवं काही मिळणार नाही. धडधाकट फोन, पण मालकानं पेन्शनीत काढला."

"हं," हेल्वी म्हणाली.

"आणि हा यार्मोचा! यात हवामानाची दोन ॲप, नकाशाची दोन, काढून टाकू म्हटलं तर निघत नाहीत. सकाळी चार्ज केला, दुपारी मेला. खिडकीशी ठेवला तर थंडीनं लगेच मेला. उणे वीसमध्ये चालत नाही तो फोन आपल्या ओउलू गावात विकतातच कशाला?"

"तैस्तो," हेल्वी म्हणाली, "मी काय म्हणते..."

"थांब जरा. हा आता बँकेची ओळख मागतोय. पाळी सौनाची, आणि ओळख बँकेची! बँकेला फोन केला तर म्हणतात शाखेत या. शाखेत यायची वेळ कुठे घ्यायची? ॲपमध्ये!"

हेल्वीनं सुया पुन्हा हलवायला सुरुवात केली. त्या आठवड्यात ती आणखी दोनदा काहीतरी सांगायला लागली होती असं आता आठवतं. दोन्ही वेळा मी कुठल्यातरी फोनवर ओरडत होतो.

गुरुवारी बँकेच्या काउंटरवरच्या मुलीनं मला आत घेतलं, बहुधा रांग अडली म्हणून. संध्याकाळी यार्मोच्या फोनवर ॲप एकदाचं उघडलं. शुक्रवार, सहा ते सात. लाल चौकोन. घेतलेली वेळ. कुणी घेतली ते दाखवत नाही, गोपनीयता म्हणे. मला इतका राग आला की बियर न संपवता झोपलो.

शुक्रवारी सकाळी यार्मो अंगणात गाडीवरचा बर्फ खरवडत होता. मी सरळ त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"शुक्रवार तू घेतलास."

"मला बुधवार मिळाला, बाबा. शुक्रवारवरच टपलो होतो, पण ॲप उघडेपर्यंत लाल. कुणीतरी फार चपळ आहे."

"राईली."

"तिला विचार."

विचारलं. कचऱ्याच्या डब्यांपाशी गाठली तिला. "माझा शनिवार आहे," ती म्हणाली. "आणि कुणाचा काय आहे ते मला दिसत असलं तरी मी सांगणार नाही. सभेत विरोध आहे का विचारलं होतं मी, तैस्तो. नाक शिंकरत होतास."

मी तोंडात आलेली शिवी गिळली आणि वर आलो. दुपारभर स्वयंपाकघरात येरझारा घातल्या. यार्मो खोटं बोलतोय की राईली, का तारविआइनेन? मोठमोठ्यानं सगळ्यांची सात पिढ्यांपासून उजळणी केली. मध्येच हेल्वी काठी घेऊन दाराशी आली. "मी खाली जाते," म्हणाली. मी हात हलवला. तारविआइनेनच्या सासऱ्यापर्यंत पोचलो होतो.

सहा वाजता माझा गजर वाजला. दर शुक्रवारी वाजतो, सौनाला जायचा. 'थोड्या वेळानं' दाबलं, फोनच बंद केला आणि खिशात टाकला. मग विचार केला, कोण बसलंय आपल्या जागी ते तरी बघू. तोंडावर दोन शब्द सुनवू. सभेत राहिलेलं भाषण तिथे पूर्ण करू.

तळघरात उतरलो. कपडे बदलायच्या खोलीचं दार माझ्या किल्लीनं उघडलं. आजूबाजूला न बघता आतल्या लाकडी दारावर मूठ आपटली.

"कोण आहे आत? ही पाळी कुणाची आहे माहीत आहे का? बाहेर या!"

"दार उघडू नकोस," आतून आवाज आला. "वाफ जाते."

मी वळून बघितलं. खुंटीवर हेल्वीचा राखाडी गाऊन. खाली तिची काठी.

"तू?" मी म्हणालो. "शुक्रवार तू घेतलास?"

"सोमवारी सकाळी. तू धुण्याच्या खोलीत भांडायला गेलास तेव्हा. दोन मिनिटं लागली."

"आणि मला सांगितलं नाहीस!"

"तीनदा सांगायला गेले. तिन्ही वेळा म्हणालास थांब जरा. आज म्हटलं खाली जाते, तर हात हलवलास." दगडांवर पाणी पडल्याचा फुस्स आवाज आला. "मग मलाही वाटलं, बरंच आहे. आठवड्यात एक तास कुणाचा फोन वाईट आहे ते ऐकावं लागणार नाही."

हे मला लागलं. खोटं कशाला सांगू, चांगलंच लागलं. भाषण घशात होतं, ते आता हिला ऐकवावं म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात खिशात गजर वाजला. 'थोड्या वेळानं' मीच सांगितलं होतं त्याला.

"बंद कर ते," हेल्वी ओरडली.

"बंदच आहे!"

"माहितीय. बंद असलं तरी वाजतंच राहतं. चाळीस वर्षं ऐकतेय, सभेत बंद आणि घरात चालू."

मी बटण दाबलं. तो थांबला आणि परत सुरू झाला. कुणी कितीही दाबलं तरी हार मानायची नाही, असं मीच लिहून ठेवलं होतं त्याच्या आत. शेवटी मागचं झाकण काढलं आणि बॅटरी उपसून बाकावर ठेवली. एका बाजूला फोन, दुसऱ्या बाजूला बॅटरी. कपडे काढून दाराशी उभा राहिलो.

"येऊ का?"

आत फळी करकरली, कुणी सरकून जागा केल्यासारखी.

"ये," ती म्हणाली. "पण सभेत बसतोस तसं बसायचं."

मी आत गेलो आणि वरच्या फळीवर तिच्याशेजारी बसलो. एकदा घसा खाकरला. तिनं माझ्याकडे न बघता पळीभर पाणी दगडांवर ओतलं, आणि मी मान खाली घालून गप्प राहिलो.