माईक चावत न्हाय

सिद्धेश्वराची आण घिऊन मोठ्यांदा सांगतो, ह्यातला शबूद न् शबूद खरा हाय! खोटा निघाला तर माजी वायर उंदरांनी खावी.

मित्रांनो, मी एक जुना माईक हाय. सोलापुरात महादेवप्पाच्या मंडपाच्या दुकानात, मोडक्या खुर्च्यांमागं पडून असतो. तोंडाच्या जाळीला गंज चढलाय. पण एके काळी माजा थाट लई. महादेवप्पा मला मऊ फडक्यात गुंडाळून, मांडीवर घिऊन एस्टीनं गावोगाव न्यायचा. वळसंगात एकजण माज्यासमोर शिंकला, तर माळशिरसात एक म्हातारी ‘शंबर वर्सं जग’ म्हणाली.

हल्ली दुकानात रोज पेपर वाचून वाद चालतो. आणीबाणीत कुणाचे फोन चोरून ऐकले, कुणाची पत्रं फोडली. एकजण हमखास म्हणतो, यंत्राचा काय दोष? मी ऐकतो. ऐकण्याबिगर मला येतं काय?

तर शहात्तर सालचा उन्हाळा. तवा गावात सरकारी गाडी आली की बापय माणसं शिवारात पळायची. सापडला त्याला नसबंदीच्या कॅम्पाला न्यायचे. एकदा ते ऑपरेशन झालं की घरात मूल न्हाय. वळसंगच्या कुंडलिकच्या लग्नाला दोन वर्सं झालेली, पाळणा अजून हलला नव्हता. त्याची बायको वच्छला. तिनं त्या सकाळी नवऱ्याला परड्यातल्या रिकाम्या पेवात उतरवलं. पेव म्हंजी जमिनीतला ज्वारीचा खड्डा. वर कडब्याचा भारा ठिवला अन् काहीच घडलं न्हाय अशी चुलतदिराच्या लग्नाला आली.

एक जीप चिंचेखाली उभी होती. आतली सरकारी माणसं पंक्चर झालीय म्हणत होती. पण चाक कुणी काढीत नव्हतं.

अक्षता पडल्या. बायका उखाण्यांना बसल्या. वच्छलाचे उखाणे साऱ्या गावात नावाजलेले, दर बारीला नवा जुळवायची. ती नको नको म्हणत मागं सरत होती. गोजरबाईनं, तिच्या जावेनं, टोमणा मारला, "का गं, नवरा लपलाय म्हून नाव बी लपलं व्हय?"

महादेवप्पानं मला तिच्या हातात दिलं. "घ्या की वैनी. माईक चावत न्हाय."

तिचा तळवा घामानं ओला होता. ती ‘ऐका’ म्हणाली अन् लिंबाच्या झाडावरच्या भोंग्यातनं तिचाच आवाज तिच्या अंगावर आला. पाठ केलेला उखाणा पार विसरली. सकाळपासनं मनात घोळत हुता तोच तोंडातनं गेला.

"पेवाच्या तोंडावर ठिवला कडब्याचा भारा,
कुंडलिकरावांना लागू देऊ नका वारा."

बायका हसल्या. मग एकेकीचं हसू थांबत गेलं. चिंचेखाली जीपची दारं वाजली.

तवा मी किंचाळलो, मित्रांनो. भोंगा फाटंल असा किंचाळलो. कुंडलिकनं वळखलं, काईतरी बिनसलंय. भारा लोटून त्यो वड्याकडं पळाला अन् वाचला.

म्हणून सांगतो पोरांनो, यंत्राला जपा, पुसा, गंजू देऊ नका. पण त्याच्यासमोर बोलताना आपल्या माणसाला त्याहून जपा. आमाला गुपित अन् गाणं सारखंच.

आता आण घेतलीय तर सांगून टाकतो. एक गोष्ट मी पदरची घातली. मी किंचाळलो न्हाय. त्या दिवशी मी जसा चाललो तसा कदीच चाललो नव्हतो, जरा बी खरखर न्हाय. मांडवाशेजारच्या परड्यात जीपमधल्या दोघांनी कुंडलिकला बखोट धरून पेवातनं वर काढलं, तवा वच्छलाच्या मुठीत मी तसाच चालू होतो. तिचा एकेक श्वास मी साऱ्या गावाला ऐकवला.