उकळलेली बाटली

तान्ह्या सोन्याचं पोट पुन्हा बिघडलं आणि सासूबाईंचा संशय पुन्हा सुनेवर गेला. सून विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होती. दिवसभर जंतूंशी खेळायचं आणि संध्याकाळी त्याच हातांनी लेकराला घ्यायचं!

"आधी आंघोळ. मग पोराला हात लाव," त्या दारातच म्हणाल्या.

"आई, हात धुतल्याशिवाय आम्हाला प्रयोगशाळेतून सोडतच नाहीत."

"मग हा का सारखा आजारी पडतो? पुरे झालं ते शिक्षण. या परीक्षेला बसायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सून ओट्यापाशी सापडली. सासूबाईंनी पाण्यात उकळून ठेवलेल्या दुधाच्या रिकाम्या बाटलीत ती कापूस लावलेली काडी फिरवत होती. त्यांनी बाटली फडक्यानं पुसल्यावर आणखी एक काडी. मग फडक्यावरून एक. सगळ्या काड्या नळ्यांत बंद करून ती निघून गेली.

"अहो, ही माझ्यावर पाळत ठेवतेय," त्या सासऱ्यांच्या कानाशी लागल्या.

"आणि तू इतके दिवस काय करतेयस?" पेपरातून मान न काढता ते म्हणाले.

दोन दिवसांनी सुनेने मोबाइलवर प्रयोगशाळेतल्या, काड्यांवरचे जंतू वाढवलेल्या थाळ्यांचे फोटो दाखवले. "ही उकळलेली बाटली, स्वच्छ. ही माझी बोटं, घरात शिरतानाच काडी फिरवलेली, जंतूंचे दोन-चार ठिपके. हे फडकं. आणि ही त्यानं पुसलेली बाटली." शेवटच्या दोन्ही थाळ्यांवर पिवळट ठिपक्यांची दाटी होती.

"थाळ्या बदलल्या असशील."

आता सासऱ्यांनी पेपर खाली ठेवला. "अगं, संशय तिलाही आला. तिनं तो तपासला, स्वतःची बोटंसुद्धा सोडली नाहीत. तू मात्र तुझा कुरवाळत बसलीस."

सासूबाई फडक्याकडे बघत राहिल्या. सांडलेलं दूध, ओटा, हात... सगळं त्यानंच टिपायचं. आणि इतक्या मायेनं उकळलेली बाटलीही.

"म्हणजे मीच गं..."

"पोट त्यामुळंच बिघडलं, असं मी छातीठोकपणे नाही सांगणार, आई. फक्त बाटली पुसू नका. पालथी घालून वाळू द्या. बघू."

सोन्या हळूहळू सावरला. एका दुपारी सासूबाईंनी विचारलं, "पुढं काय करणार या शिक्षणाचं?"

"गावाचं पाणी तपासायचंय. नळाला येण्याआधी."

"मग बस अभ्यासाला. पोर माझ्याजवळ राहू दे."

मनात संशय येतो, माणूस आहोत आपण. पण तो तपासल्याशिवाय कुणाच्या माथी मारू नये, आणि तपासताना आपले हात वगळू नयेत. घरातली लेक-सून हेच शिकायला जात असेल, तर तिची वाट अडवू नका.